जवळची तारीख पुढे

फडताळावरचा चिऊताईचा फोटो पुढे आला होता. बाकी काहीही झालं नव्हतं. दूध उतू गेलं नव्हतं, नळाला पाणी होतं, नाना नेहमीसारखे खिडकीपाशी बसून स्वतःच्या बोटांकडे बघत होते. पण मी हातात फडकं घेऊन तिथे उभी राहिले ती राहिलेच. आमच्या बाहेरच्या खोलीत फडताळावर फोटो एकामागे एक लावलेले आहेत, कारण फडताळ अरुंद आणि घरातलं कोणी काही टाकून द्यायला तयार नाही. सगळ्यात पुढे सासूबाई, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मग नाना, म्हणजे माझे सासरे, तरुणपणचे, दुकानाच्या काउंटरमागे. मग आमचा लग्नातला, ज्यात मी कोणीतरी चिमटा काढल्यासारखी दिसते. मग चिऊताई, माझी नणंद, दोन वेण्यांमध्ये. आणि अगदी मागे, भिंतीला टेकून, एक रिकामी चौकट. ‘हे’ ती कधीतरी हौसेने घेऊन आले होते, नवा फोटो काढला की लावू म्हणून. फोटो काढायचा राहिला, चौकट राहिली. पुसायला घेतली की काचेत माझंच तोंड दिसतं, म्हणून मी ती पुसतच नाही. तर त्या सकाळी चिऊताई सासूबाईंच्याही पुढे, फडताळाच्या अगदी कडेला उभी होती. आणखी थोडी सरकली असती तर पडली असती. मी तिला उचलून जागेवर ठेवलं आणि कामाला लागले.

नानांनी केलं असणार, दुसरं कोण. त्यांचं डोकं आता ठिकाणावर नाही. मुलाचं नाव विसरले, ह्यांना ते ‘ऑर्डरवाला’ म्हणतात आणि माल कधी येणार म्हणून विचारतात. मला ‘बाई’ म्हणतात. पण त्यांच्या हातांना सगळं आठवतं. सारा जन्म या माणसाने दुकानात औषधं लावली. मी सून म्हणून आले ती फार्मासिस्टचा कागद घेऊनच आले, मला वाटायचं मी शिकून आलेय. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कपाटापाशी उभं केलं आणि म्हणाले, “सूनबाई, कॉलेजात काय शिकवलं ते कॉलेजात राहू दे. इथे एकच गोष्ट. जवळची तारीख पुढे, लांबची मागे. ज्याची मुदत आधी संपणार, तो आधी बाहेर.” बस्स. मग तेच घरातही. साबणाच्या वड्या, काडेपेट्या, बिस्किटांचे पुडे, सगळं तारखेने. सासूबाई म्हणायच्या, मेले तरी हे तारीख बघूनच मरतील. आता डोकं गेलं आणि हात तेवढे उरले, तेव्हा ते दिवसभर काही ना काही पुढेमागे करत बसतात. दाराशी चपला, ओट्यावर कप, चमचे. कानतुटका कप पुढे, नवा मागे. आम्ही हसायचो. चिऊताई म्हणायची, “नाना, माझी चप्पल आज तिसरी, म्हणजे अजून वेळ आहे तर!” आणि ते गंभीर चेहऱ्याने मान हलवायचे. फोटोंना मात्र त्यांनी आजवर कधी हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चिऊताई पुन्हा पुढे. तेच, अगदी कडेला. मी वळून विचारलं, “नाना, हे कोणी केलं?” ते बोटांकडे बघतच राहिले. मी जवळ जाऊन, जरा चढ्या आवाजात, म्हटलं, “फोटो का हलवला?” तेव्हा त्यांनी वर बघितलं. किती दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत माणूस दिसला. मंद मुलीला समजावतात तसं ते सावकाश म्हणाले, “जवळची तारीख पुढे.” तेवढ्यात चिऊताई न्हाणीघरातून आली, ओले केस, हातात पाण्याची बाटली. ती उभ्या उभ्या घटाघट पाणी प्यायली आणि म्हणाली, “काय गं वहिनी, भूत बघितल्यासारखी का उभी?” मी फोटो पाठीमागे धरला होता. “काही नाही, धूळ,” मी म्हटलं.

चिऊताई चाळिशी ओलांडलेली बाई, बालवाडीत शिकवते, पण घरात अजून चिऊच. लहानपणापासून इन्सुलिनवर. इतकी सवय की बोलता बोलता पोटात सुई टोचून घेते आणि वाक्यही तोडत नाही. औषध आमच्याच दुकानातलं, मीच आणून देते. हे सगळं सुरळीत चालू होतं, आणि गेले काही आठवडे बिनसलं. तिची साखर चढायला लागली. आधी थोडी, मग बरीच. डॉक्टरांनी डोस वाढवला, तरी चढतीच. ती सुकत चालली, गळ्याजवळची हाडं दिसायला लागली. आणि आम्ही सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला, तिच्यासारख्या माणसाबद्दल सगळे काढतात तोच, की ही चोरून खाते. ह्यांनी दम भरला. माझ्या तोंडाला तर आधीच लगाम नाही. “बालवाडीत कोणाचे वाढदिवस असतात ना, तिथे खातेस, मला माहीत नाही का!” ती म्हणायची, “आईशप्पथ वहिनी, कणभर नाही खाल्लं.” एकदा ती कामावर गेलेली असताना मी तिची उशी उचलून बघितली, कपाट बघितलं, पर्ससुद्धा. चॉकलेटचा एक कागद मिळाला तर बरं, असं मला वाटत होतं. कागद मिळाला नाही. तिला ते कळलं, कसं कोण जाणे. ती भांडली नाही. म्हणाली, “तूसुद्धा?” आणि पुन्हा पाणी प्यायला गेली.

त्यानंतर दुकानात माझं लक्ष लागेना. आमचं दुकान लांबट आहे, बोगद्यासारखं. समोर काउंटर, मागे कपाटं, आणि अगदी टोकाला फ्रिज, माझ्या लग्नाच्याही आधीचा. मध्यंतरी तो कमी थंड करायला लागला होता, म्हणून मेकॅनिक आला, गॅस भरला, आतला थंडी कमी-जास्त करायचा खटका फिरवला आणि म्हणाला, “बाई, आता बघा, बर्फासारखा चालेल.” तेव्हापासून त्याचा आवाज बदलला. आधी तो गुरगुरायचा, आता मध्येच गप्प होतो आणि मग खोल श्वास घेतो. एकटी असले की मी मान वळवून बघते. दाराजवळ आत थर्मामीटर लटकवलेलं आहे, ते मी सकाळ-संध्याकाळ बघते. पाच. नेहमी पाच. दोन ते आठ अंशांच्या मध्ये हवं, म्हणजे सगळं ठाकठीक. फ्रिजमध्येही तोच नियम, जवळची तारीख पुढे, लांबची मागे, पार मागच्या भिंतीला लागून. गिऱ्हाइकाला पुढची द्यायची. घरच्यांना मात्र मी मागची देत आले. तेवढा मान ठेवायचा ना आपल्या माणसांचा! भाजीवाली ओळखीच्या बाईला टोपलीच्या तळातली कोवळी जुडी काढून देते, तसं मी हात कोपरापर्यंत घालून चिऊताईसाठी मागची, ताजी, लांबच्या तारखेची काढायची.

आणि एक थर्मासवाले काका. ते काही घरचे नव्हेत, पण मला आवडायचे. बारीक, नीटनेटके, कॉलरचं बटण लावलेलं. पायी यायचे, कुठून ते विचारलं की “लांबून” म्हणायचे. इन्सुलिन न्यायला चक्क थर्मास आणायचे, आत ओला रुमाल गुंडाळलेला. “औषध म्हणजे तान्हं मूल हो बाई, ऊन लागता कामा नये.” गिऱ्हाइकं बाटली खिशात कोंबून, उन्हात गप्पा मारत उभी राहतात, आणि हा माणूस थर्मास घेऊन येतो! मी खूश होऊन म्हणायचे, “थांबा काका, तुम्हाला मागची देते.” मागच्या खेपेला ते काउंटरला टेकून जरा थांबले. “एक ग्लास पाणी मिळेल? हल्ली फार तहान लागते.” मी दिलं. त्यांनी आणखी एक मागितलं. “उन्हाचं चालत येता, मग काय होणार,” मी म्हटलं, “एखाद्या दिवशी थर्मासमध्ये तुम्हीच बसून या.” ते खूप हसले. ग्लास दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

फोटो रोज पुढे येत होता. मी रोज मागे ठेवत होते. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “नानांचं काय मनावर घेतेस? उद्या मला पुढे ठेवतील, तेव्हा काय मी आडवा होऊ?” पण ते फडताळाकडे न बघता म्हणाले. मला तर तो नियम जिकडे तिकडे दिसायला लागला. काउंटरपुढे माणसं उभी असत, आणि मला वाटे यांना कोणीतरी लावलंय. हा पुढे, ती मागे. खोकणारा म्हातारा मागे आणि त्याच्या पुढे एक धडधाकट बाई, डोकेदुखीची गोळी मागणारी. मी तिच्या कपाळाकडे बघत राहिले, तिथे बारीक अक्षरांत काही छापलंय का म्हणून. ती म्हणाली, “काय झालं?” मी गोळी दिली. घरी आले की आधी चपला बघायची. चिऊताईची चप्पल पहिली. कप बघायची. चिऊताईचा कप पहिला. त्या दिवसांत नाना दिवसभर खुर्चीतून हलत नसत, निदान आमच्यासमोर तरी. मी एकदा त्यांच्यावर ओरडले, अगदी ओरडले, “बास करा नाना, ती बाटली नाहीये, पोर आहे तुमची!” ते म्हणाले, “बाई, मागे हात घाला.” म्हणजे काय ते मला समजलं नाही. समजून घेण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतेच.

त्या सकाळी चिऊताई कामावर गेली नाही. अंगात त्राण नाही म्हणाली, उलटीसारखं वाटतंय म्हणाली. तिच्या श्वासाला गोडसर वास येत होता, जास्त पिकलेल्या फळासारखा. आणि मी, एवढी फार्मासिस्ट, साखर फार चढली की असा वास येतो हे शिकलेली, मनात म्हटलं, बघा, फळं खाल्लीन. डॉक्टरांना फोन लावला, ते अजून आले नव्हते. ‘हे’ माल आणायला गेले होते. तिची बाटली संपत आली होती म्हणून मी ठरवलं, दुकान उघडायचं, पहिली नवी बाटली काढायची आणि घरी परत यायचं. एरवी मी तिची बाटली दुपारनंतर काढते, निवांतपणे. त्या दिवशी कुलूप काढलं आणि थेट फ्रिजकडे गेले. तो गप्प होता. दार उघडलं, थर्मामीटर, पाच. मी हात मागे घातला, कोपरापर्यंत, आणि खोकं हाताला आलं पण सुटेना. भिंतीने ते धरून ठेवलं होतं. मी ओढलं. कट्कन आवाज झाला आणि खोकं बाहेर आलं, पाठीला बर्फाचा पापुद्रा. मी ते उघडलं. आतल्या बाटलीत पातळ औषध नव्हतं. पांढरा खडा होता.

मला सगळं एकदम कळलं असं म्हणता येणार नाही. आधी हातांना कळलं, ते गार पडले. इन्सुलिन एकदा गोठलं की गेलं. पुन्हा वितळतं, पुन्हा स्वच्छ दिसतं, काचेसारखं नितळ, तारीख तीच, खोकं तेच. फक्त आत काही राहिलेलं नसतं. हे मला माहीत होतं, कागदावर, परीक्षेपुरतं. मेकॅनिकने खटका फिरवल्यापासून मागची भिंत रोज रात्री गोठत होती, दुकान बंद, दार उघडायला कोणी नाही. सकाळपासून दार उघडून-मिटून दुपारपर्यंत सगळं वितळत होतं. आणि दुपारनंतर मी हात घालून तिथलीच काढत होते, ताजी म्हणून, आपल्या माणसाला म्हणून. थर्मामीटर खोटं बोलत नव्हतं, ते दारापाशी होतं. पुढच्या बाटल्या चांगल्या होत्या, त्या दुरुस्तीच्या आधीपासून पुढेच होत्या, भिंतीला कधी लागल्याच नव्हत्या. लोक बरे होते. मेलेलं औषध फक्त माझ्या लाडक्या माणसाच्या पोटात जात होतं, आणि वर मी तिला चोर म्हणत होते.

मी घरी फोन लावला. बराच वेळ वाजला. मग उचलला, आणि पलीकडे नुसता श्वास. “चिऊताई?” श्वास. “नाना, तुम्ही आहात का? तिला हाक मारा. नाना, चिऊला हाक मारा!” नाना फोन उचलत नाहीत, फोन म्हणजे काय हे ते विसरलेत. पलीकडून त्यांचा आवाज आला, स्पष्ट, जुना, काउंटरवरचा. “पडली.” मला वाटलं फोटो पडला. मग वाटलं, फोटो नसेल. मी पुढच्या रांगेतली एक बाटली उचलली आणि दुकान सताड उघडं टाकून पळाले. रस्त्यावर लोक काय बघत होते देव जाणे.

चिऊताई न्हाणीघराच्या दारात आडवी होती. श्वास चालू होता, मोठा, खोल, फ्रिजसारखा. नाना तिच्या उशाशी जमिनीवर बसले होते आणि तिच्या कपाळावर हात ठेवून होते. पुढचं शेजाऱ्यांनी केलं, गाडी, दवाखाना. डॉक्टर म्हणाले आणखी उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं. मी त्यांना सगळं सांगितलं, फ्रिज, भिंत, बर्फ. ते म्हणाले, “बरं झालं सांगितलंत.” चिऊताई शुद्धीवर आली तेव्हा मी तिचा हात धरून इतकी रडले की नर्सने मला बाहेर बसवलं. नंतर चिऊताई म्हणाली, “म्हणजे मी खात नव्हते, हे आता तरी मान्य?” आणि हसली. मी म्हटलं, “माझ्या थोबाडीत मार.” ती म्हणाली, “ताकद आल्यावर.”

त्यानंतर मी फ्रिज धुतला, मेकॅनिकला बोलावून त्याची खरडपट्टी काढली, खटका मागे फिरवून घेतला. थर्मामीटर एक पुढे, एक मागे. भिंत आणि माल यांच्यामध्ये हात जाईल एवढी जागा. गोठलेल्या बाटल्या टाकाऊ औषधांच्या, लाल खुणेच्या डब्यात टाकल्या. त्या इतक्या स्वच्छ दिसत होत्या की टाकताना हात अडखळला. ह्यांनी दार लोटून हळूच विचारलं, “बाहेर कोणाकडे नाही ना गेली?” “नाही,” मी म्हटलं, “मागची फक्त घरी जाते.” ह्यांचा जीव भांड्यात पडला. “सुटलो. घरातलं घरात राहिलं. आता कोणापाशी बोलू नकोस, नाहीतर दुकानाला टाळं लागेल.” मीही सुटल्यासारखी झाले. नानांना कसं कळलं, यावर मी विचार केला. म्हातारपणी नाक तिखट होतं, त्यांना तिच्या श्वासाचा वास आला असेल, जुनाच माणूस तो, असं स्वतःला समजावलं. चिऊताई घरी आली. तिचा फोटो आपल्या जागी गेला, आणि तिथेच राहिला. चप्पल तिसरी. मी बरेच दिवस नीट झोपले.

मग एका सकाळी मी फडकं घेऊन गेले आणि रिकामी चौकट पुढे आली होती. सासूबाईंच्या पुढे, अगदी कडेला. काचेवर धूळ होती, आणि धुळीतून माझा चेहरा दिसत होता, म्हणून मी आधी स्वतःलाच घाबरले. नाना खिडकीपाशी. मी म्हटलं, “नाना, यात कोणी नाही.” ते म्हणाले, “आहे की.” “कोण?” त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि एकमेकांजवळ आणले, ग्लास धरतात तसे. असे धरले आणि तोंडाकडे नेले. ऊन, बटण लावलेली कॉलर, ओला रुमाल. थांबा काका, तुम्हाला मागची देते.

मी दुकानात गेले. शेजारच्या चपलांच्या दुकानात विचारलं, कोपऱ्यावर विचारलं, थर्मास घेऊन येणारे, बारीक, कुठे राहतात. सगळ्यांनी त्यांना बघितलं होतं, कोणालाच ठाऊक नव्हतं. लांबून येतात, म्हणाले. त्यांची बाटली आत्तापर्यंत संपायला हवी होती. ते यायला हवे होते. मी फ्रिजमधून एक चांगली बाटली काढून ठेवली, पाण्याचा ग्लास भरून ठेवला आणि दरवाजाकडे बघत बसले. ‘हे’ म्हणाले, “अगं, कुठे दुसरीकडून घेत असतील.” असतील. मी रोज तेच मनात घोळवत होते, घेत असतील, दुसरीकडून, पुढची.

तो थर्मास आला तेव्हा दुपार होती, दुकानात गर्दी नव्हती. मी आधी थर्मासच बघितला आणि उठून उभी राहिले, तोंडात “काका” आलंसुद्धा. धरणारी बाई होती, चिऊताईच्या वयाची, डोळे सुजलेले. तिने तो काउंटरवर ठेवला, झाकण काढलं, ओला रुमाल काढला. रुमाल गार होता. तिने तो आजही भिजवला होता. आत बाटली, अर्ध्याहून जास्त भरलेली. “तुम्हीच ना त्या बाई? बाबा नेहमी म्हणायचे, त्या बाई मला मागची ताजी काढून देतात, माझ्यावर माया आहे त्यांची.” तिने नाक पुसलं. “हे उरलंय. परत करायला आले नाही, पैसे नकोत. कोणा गरजूला द्या. वाया जायला नको, तारीख अजून खूप लांब आहे.”

मी बाटली उजेडात धरली. नितळ. पलीकडे ‘हे’ बिलांवर मान घालून बसले होते, आणि त्यांचे हात थांबले होते. फ्रिज गप्प होता. बाईने जायला वळून पाऊल उचललं. मी म्हटलं, “थांबा, बसा जरा.” ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी स्टूल ओढून दिलं. तिने मागितलं नव्हतं तरी ग्लासात पाणी भरून तिच्यापुढे ठेवलं, आणि तिने तो दोन्ही हातांनी धरला. मग मी सांगायला सुरुवात केली.